घरशिक्षण : एक कबुली आणि एक हरकत

आमची दोन्ही मुले शाळेत जात नाहीत. थोरली बारा वर्षांची आहे, धाकटा आठ वर्षांचा. हे कळल्यावर लोक साधारणपणे दोन प्रकारे बोलतात. काही जण कौतुक करतात, काही जण 'मग दहावीचे काय?' असे विचारतात. दोन्हींची उत्तरे आम्हाला आता पाठ झाली आहेत. (दहावीचे उत्तर तर फारच सोपे आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ पासून अस्तित्वात आहे आणि चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला तिथून माध्यमिक परीक्षा देता येते.) आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मात्र स्टाफरूममध्ये तिसरीच प्रतिक्रिया दिली. चहाचा कप खाली ठेवत ते एवढेच म्हणाले, "कर्मवीरांच्या जिल्ह्यात राहून?" आणि तासावर निघून गेले. त्या तीन शब्दांना उत्तर द्यायला आम्हाला तीन वर्षे लागली. आजही ते पुरते देता येईल असे नाही. पण प्रश्नाचे वजन काय आहे, हे तरी नीट मांडून पाहावे असे वाटते.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. राहतो वाईला, भाड्याच्या घरात, आणि मेणवलीच्या रस्त्याला पाच गुंठ्यांत स्वतःचे घर बांधतो आहोत. सातारा जिल्ह्यात शाळा ही गोष्ट सरकारने आयती आणून ठेवलेली नाही. सावित्रीबाई फुल्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी नायगावचा, म्हणजे याच जिल्ह्यातला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणली. वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवली. आमच्यापैकी एकाचे आजोबा अशाच एका वसतिगृहात भाकरी खाऊन शिकले. ते शिकले म्हणून पुढची पिढी नोकरीत गेली, आणि ती गेली म्हणून आम्ही आज घरशिक्षणाच्या गोष्टी करू शकतो. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी मागितले होते, की निदान बारा वर्षांपर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. आमची थोरली बारा वर्षांची झाली त्या दिवशी हे वाक्य आठवले आणि अस्वस्थ व्हायला झाले, हे कबूल करतो.

मग मुलगी शाळेतून काढली कशासाठी? खरे सांगायचे तर आधी ती काढली नव्हतीच. मार्च २०२० मध्ये सगळ्यांच्याच शाळा बंद झाल्या. त्या काळात आम्ही रोज रात्री पाऊण तास मोठ्याने वाचायचा परिपाठ ठेवला. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर ती गेली, रमलीही. काही महिन्यांनी तिची मराठीची उत्तरपत्रिका घरी आली. कवितेवरच्या एका प्रश्नाचे उत्तर तिने स्वतःच्या शब्दांत, आमच्या मते बरे लिहिले होते. त्यावर लाल शाईत शेरा होता, 'वर्गात लिहून दिल्याप्रमाणे नाही.' संताप आला, पण तो फार टिकला नाही, कारण त्याच आठवड्यात आम्ही दोघेही कॅप सेंटरवर विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. एकाच गाईडमधून उतरलेल्या, स्वल्पविरामासह सारख्या असलेल्या शेकडो उत्तरांना आम्ही तिथे निमूटपणे गुण देत होतो. ज्या बाईंनी तो शेरा लिहिला त्यांच्या वर्गात साठ मुले होती. आमच्याकडे ती सबब नव्हती. शाळेला दोष देण्याचा अधिकार आपण केव्हाच गमावला आहे, हे तेव्हा उमगले. जून २०२२ पासून ती घरी आहे; धाकट्याला शाळेत घातलेच नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नमूद केली पाहिजे. हे आम्हाला जमले, कारण आमच्या दोघांच्या नोकऱ्या कायम आहेत, आठवड्याच्या तासिका ठरलेल्या आहेत, एकाचे सत्र सकाळचे, दुसऱ्याचे दुपारचे, आणि घरी आजी आहेत. आमच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारे सहकारी तीन महाविद्यालयांत एसटीने फिरून महिना भागवतात. त्यांनी मुलांना घरी ठेवायचे म्हटले तर कोण ठेवणार, आणि कशावर? घरशिक्षणावर लिहिताना सगळेजण दिनक्रमाविषयी लिहितात, पगाराविषयी कोणी लिहीत नाही.

आता दिनक्रम. तो सांगण्यासारखा नाही, इतका साधा आहे. सकाळी दोन तास गणित आणि इंग्रजी. दुपारी ज्याला जे वाचायचे ते. संध्याकाळी चारनंतर बांधकामावर. रात्री वाचन. कित्येक दिवस नुसते कंटाळ्यात जातात, भावंडांच्या मारामारीत जातात. धाकटा साडेसात वर्षांचा होईपर्यंत धड वाचत नव्हता आणि आजींनी त्या काळात बोललेले नवस आम्हाला अजून फेडायचे आहेत. घरी शिकणारी मुले पहाटे उठून पक्षी न्याहाळतात असा जो समज आहे, तो निदान आमच्या घरापुरता खोटा आहे.

बांधकामाचे मात्र वेगळे. दीड वर्षापूर्वी पायाची आखणी झाली, तेव्हा दोन्ही मुले तिथे होती. मिस्त्रींनी खुंट्या ठोकल्या, सूत ताणले, एका बाजूला तीन फुटांवर खूण केली, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर, आणि दोन खुणांमधले अंतर बरोबर पाच फूट भरेपर्यंत खुंटी सरकवत राहिले. भरल्यावर म्हणाले, "आलं गुण्यात." मग फक्की मारली. थोरलीला हे प्रमेय पुढे पुस्तकात भेटले, तेव्हा ती म्हणाली, हे तर आपल्या घराचे आहे. खोदाई झाल्यावर तिने हिशेब केला, की अडीच फूट रुंद, तीन फूट खोल, एकशे वीस फूट लांब म्हणजे नऊशे घनफूट, म्हणजे नऊ ब्रास. मिस्त्रींचा आकडा तोच होता, पण त्यांनी तो पावलांनी मोजून, कागदाशिवाय काढला होता. त्या दिवसापासून तिने एक वही केली आहे. गुण्या, ओळंबा, थापी, जोते, थर, सांधेमोड, कोनाडा, तुळई. शब्द, त्याचा अर्थ आणि तो कोणाच्या तोंडून ऐकला, असे तीन रकाने. आम्ही एम.ए.ला कोशविज्ञान शिकवतो. असा तिसरा रकाना ठेवायचे आमच्या एकाही विद्यार्थ्याला आम्ही सांगितलेले नाही. 'गुण्यागोविंदाने'मधला गुण्या हाच का, असा प्रश्न तिने त्या वहीत लिहून ठेवला आहे. आम्ही उत्तर न देता तिला मोल्सवर्थकडे पाठवले. ज्या गावात मराठी विश्वकोशाचे काम झाले त्या गावात निदान एवढे तरी करायला हवे.

धाकट्याची आवड पाणी मारण्याची. नव्या भिंतीला सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे असते हे त्याला कोणी दोनदा सांगावे लागत नाही. लेव्हल पाइपच्या दोन टोकांना पाणी एकाच उंचीवर का राहते, हे त्याने मिस्त्रींना विचारले. मिस्त्री म्हणाले, "पाण्याला लबाडी येत नाही." विज्ञानाच्या पुस्तकातले स्पष्टीकरण नंतर दिले. पहिले उत्तर त्याच्या अधिक लक्षात आहे.

हे सगळे आम्ही मोठ्या अभिमानाने बघत होतो. एका संध्याकाळी मिस्त्री आपणहून बोलले. ते विजापूरकडचे, बिऱ्हाड इथेच, मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीत. म्हणाले, "मॅडम, तुमची पोरगी इथं शिकायला येते. माझी इथं येऊ नये म्हणून मी तिला शाळेत घातली." बोलण्यात कडवटपणा नव्हता. त्यांनी एक वस्तुस्थिती सांगितली आणि विटांचा पुढचा थर लावायला घेतला. थोरली तेव्हा शेजारीच उभी होती. तिच्या वहीत हे वाक्य नाही, पण ते तिने ऐकले आहे.

वाचनाबद्दल थोडे लिहायला हवे, कारण आमचा व्यवसायच तो. रात्रीच्या वाचनाचा नियम एकच, वाचून झाल्यावर आम्ही प्रश्न विचारायचा नाही. मुलांनी विचारला तर बोलायचे. हा नियम पाळणे आम्हाला फार जड गेले. वीस वर्षे वर्गात उभे राहिल्यावर उतारा संपला की तोंडातून आपोआप प्रश्न बाहेर पडतो. 'श्यामची आई' वाचायला घेतले तेव्हा आमच्या मनात मातृप्रेम, संस्कार, कथनाची चौकट हे सगळे तयार होते. आठ-दहा रात्रींनंतर धाकट्याने विचारले, "श्यामच्या बाबांनी कर्ज कोणाकडून काढलं होतं? बँकेकडून?" आमच्या घरी त्या काळात गृहकर्जाच्या हप्त्याशिवाय दुसरा विषय नसे, मुलाच्या कानाने पुस्तकातून नेमके तेच उचलले. आणि मग आमच्याही लक्षात आले, की हे पुस्तक भाऊबंदकीचे आहे, कर्जाचे आहे, सावकाराच्या तगाद्याचे आहे. त्यातली आई इतकी मोठी दिसते ती या ओझ्याखाली दिसते म्हणून. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात बसून साने गुरुजी कोकणातल्या एका कुटुंबाची आर्थिक घसरण लिहीत होते. आम्ही ते पुस्तक अनेकदा शिकवले आहे. हे एकदाही शिकवले नव्हते.

सहलींचेही असेच. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा, तिथल्या घाटावरची वसईहून आलेली पोर्तुगीज घंटा हे तर घराजवळच आहे. पसरणीचा घाट चढून पाचगणीच्या पुढे भिलारला आम्ही वर्षातून दोन-तीनदा जातो. ४ मे २०१७ पासून ते 'पुस्तकांचे गाव' झाले. लोकांच्या घरांत पुस्तके ठेवलेली आहेत, कोणीही यावे, बसून वाचावे. एका घरात धाकटा दुपारभर ओटीवर पालथा पडून वाचत होता. घरातली माणसे स्ट्रॉबेरीच्या कामात ये-जा करत होती. काय वाचतोस, समजले का, असे त्याला कोणीही विचारले नाही. असे अगत्य मराठीच्या वर्गात कधी दिसेल?

इथपर्यंत आमची कबुली झाली. आता हरकत.

घरशिक्षण घेणाऱ्या पालकांच्या बोलण्यात शाळेसाठी दोन उपमा ठरलेल्या असतात, कारखाना आणि तुरुंग. त्यामागे बहुधा इव्हान इलिचचे १९७१ चे 'डीस्कूलिंग सोसायटी' असते आणि जॉन होल्ट असतो. होल्टचे 'हाऊ चिल्ड्रन फेल' १९६४ चे. १९७७ पासून त्याने 'ग्रोइंग विदाउट स्कूलिंग' हे नियतकालिक चालवले. होल्ट आम्हालाही प्रिय आहे. मुलाच्या चुकलेल्या उत्तराकडे इतक्या आस्थेने पाहणारा दुसरा शिक्षक आमच्या वाचनात नाही. पण तो ज्या देशात लिहीत होता, तिथे सक्तीचे शिक्षण कित्येक दशके जुने झाले होते. शाळेत जाणे ही तिथली सर्वसाधारण स्थिती होती. तिच्यातून बाहेर पडणे ही मोकळीक. आपल्याकडे सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाचा शिक्षणाचा हक्क सांगणारा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. हंटर आयोगापुढच्या त्या मागणीनंतर एकशे अठ्ठावीस वर्षांनी! तेव्हा होल्टची उपमा मराठीत उचलून आणताना ती कोणाच्या तोंडी शोभते, हे पाहायला नको का?

मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला तर हे कळायलाच हवे, कारण घरशिक्षणाची सर्वांत थोर नोंद आपल्याच वाङ्मयात आहे. ती स्त्रियांच्या आत्मकथनांत आहे. रमाबाई रानड्यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० चे पुस्तक घ्या. न्यायमूर्ती घरी शिकवताहेत आणि घरातल्या बायकांना ते शिकणे सहन होत नाही. पंडिता रमाबाईंच्या वडिलांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना शास्त्री-पंडितांपुढे आपली बाजू मांडावी लागली. त्या आईने पुढे मुलीला शिकवले, रानात आणि तीर्थयात्रेच्या वाटेवर. लक्ष्मीबाई टिळकांचे औपचारिक शिक्षण झालेले नाही. टिळकांनी जे शिकवले ते त्यांच्या लहरीप्रमाणे, धरसोडीने. आणि 'स्मृतिचित्रे'सारखे गद्य त्यांच्या हातून उतरले. घरी शिकल्याने भाषा कशी जिवंत राहते याचा याहून मोठा दाखला कोणी मागू नये. परंतु या तिघींपैकी एकीनेही घर निवडले नव्हते. शाळेचे दार लावलेले होते म्हणून घर होते. स्वतः सावित्रीबाईंना जोतीरावांनी घरीच शिकवले. आणि घरी शिकलेल्या त्या मुलीने १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात काय केले? शाळा काढायला हात लावला. आपले घर इतर मुलींना पुरणार नाही, हे तिला ठाऊक होते.

शाळेच्या साचेबंदपणावर मराठी-गुजराती शिक्षणविचारात टीका कमी झालेली नाही. पण ती करणारे शाळा सोडून गेले नाहीत. गिजुभाईंच्या 'दिवास्वप्ना'तला शिक्षक आपले प्रयोग सरकारी शाळेच्या चौथीच्या वर्गात करतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला पाहिले, की मुले गुरे वळायला जातात, शाळेत येत नाहीत. तेव्हा त्यांनी शाळाच गुरांच्या मागे कुरणात नेली आणि तिला 'कुरणशाळा' म्हटले. या शब्दावर थोडे थांबावेसे वाटते. शाळा मुलाच्या जगण्याजवळ न्यायची, पण तिथे सगळ्यांची मुले असायची. आमच्या पाच गुंठ्यांत पहिली गोष्ट आहे, दुसरी नाही.

दोन वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या वर्गात आमच्यापैकी एकीने घरचा नियम लावून पाहिला. संपूर्ण तासभर एक कथा मोठ्याने वाचायची, प्रश्न नाहीत, टिपणे नाहीत. पहिले तीन आठवडे 'हे परीक्षेला आहे का?' एवढेच विचारले जात होते. नंतर थोडे बरे झाले. त्या ओघात घरच्या वाचनाचा, मुलांचा विषय निघाला. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली. तिने जे सांगितले त्याचा आशय असा, की तिला घरी वाचता येत नाही. हातात पुस्तक दिसले की काम सांगितले जाते. महाविद्यालय बरे वाटते ते तिथे काय शिकवतात म्हणून नव्हे. त्या पाच तासांत ती कोणाची मुलगी, कोणाची बहीण नसते म्हणून. घर हे शिक्षणाचे नैसर्गिक स्थान आहे असे म्हणणाऱ्यांनी या मुलीच्या घराची कल्पना करून पाहावी. आम्ही तोपर्यंत केली नव्हती. प्रश्नाविना वाचनाचा तास मात्र आम्ही बंद केला नाही. उलट आता दर आठवड्याला तो असतो. घरी जे सापडले ते वर्गात आणता आले नाही, तर ते आमच्या दोन मुलांची चैन एवढेच उरेल.

आणि आता थोरलीचे. गेल्या पावसाळ्यात तिने प्रकाश नारायण संतांचे 'वनवास' वाचले, मग 'शारदा संगीत', मग 'पंखा'. संत कराडला भूविज्ञान शिकवायचे, हे कळल्यावर तिला ते शेजारचेच वाटू लागले. आम्ही खूश होतो. लंपनची भाषा, त्याचे तालात चालणारे मन, यावर आमच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ होते. तिने काही विचारले नाही, म्हणून नियमाप्रमाणे आम्ही गप्प राहिलो. पंधरा दिवसांनी जेवताना ती म्हणाली, "मला शाळेत जायचंय." का, असे विचारल्यावर म्हणाली, लंपनला रोज भेटणारी किती माणसं आहेत. आपल्याला जी भेटतात ती सगळी आईबाबांनी ठरवलेली असतात.

यावर वाद घालता आला असता. मिस्त्री आम्ही ठरवून दिले असले तरी त्यांचे बोलणे आम्ही ठरवले नव्हते, असे म्हणता आले असते. म्हटले नाही. प्रश्न न विचारता वाचू दिले की वाचणारा कुठे जाऊन पोहोचेल हे आपल्या हाती राहत नाही. तेच तर आम्हाला हवे होते.

शिक्षणहक्क कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. गावातल्या एका मराठी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटून आलो. त्यांनी जन्मदाखला आणि जुन्या शाळेचा दाखला मागितला, मराठीचे प्राध्यापक असून हे काय केलेत, असे मात्र विचारले नाही. मिस्त्रींची मुलगी त्याच शाळेत येणार आहे, एक वर्ग मागे. थोरलीची एकच अट आहे, की रविवारी तिला बांधकामावर जाऊ द्यायचे, कारण वहीतले छपराचे शब्द अजून यायचे आहेत. स्लॅब मे महिन्यात पडेल, शाळा जूनमध्ये सुरू होते. धाकट्याला विचारले, तर तो म्हणाला, भिंतीला पाणी कोण मारणार?